पहिल्या ५१२ बाइटांची गोष्ट

जूनचा मध्य. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर खडकीतल्या एका शाळेची संगणकखोली उघडली. तिथल्या एका संगणकावर दोन कार्यप्रणाली बसवलेल्या होत्या, विंडोज आणि लिनक्स. बटण दाबले की पडद्यावर दोन नावांची यादी येई. मुलांनी त्यातले एक निवडायचे आणि कामाला लागायचे. त्या दिवशी यादी आलीच नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एकच ओळ उमटली. सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ.

दुरुस्तीला आलेल्या तरुणाने दोनदा बटण दाबून पाहिले आणि निदान सांगितले, “बाई, डिस्क गेली. फॉरमॅट मारावा लागेल.”

विज्ञानाच्या बाई गप्प झाल्या. शाळेच्या गच्चीवर मुलांनी पर्जन्यमापक ठेवला होता आणि पाच पावसाळ्यांच्या रोजच्या नोंदी त्याच डिस्कवर होत्या. दुसरी प्रत नव्हती. त्यांनी फॉरमॅट थांबवला आणि मला फोन केला.

त्या नोंदींचे काय झाले ते शेवटी पाहू. त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: बटण दाबल्यावर संगणक सुरू होतो, म्हणजे नेमके काय होते? याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास माहीत असला तर ‘डिस्क गेली’ या निदानाला आपण सहजासहजी मान डोलावणार नाही.

स्वतःला उचलण्याचा प्रश्न

संगणक आज्ञावलीशिवाय काहीच करू शकत नाही. आज्ञावली डिस्कवरून स्मृतीत आणायची तर ते कामही संगणकानेच करायचे, आणि त्यासाठीही आज्ञावलीच हवी. मग पहिली आज्ञावली कोण आणणार? आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला जमिनीवरून उचलण्यासारखाच हा प्रकार. इंग्रजीत अशी म्हण आहे आणि तिच्यावरूनच संगणक सुरू होण्याला ‘बूट होणे’ म्हणतात.

सुरुवातीच्या यंत्रांत हा पेच माणसाने सोडवला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती २०४८ शब्दांची होती आणि त्याला आज्ञा दिल्या जात त्या भोके पाडलेल्या कागदी फितीवरून. १९७५ साली अमेरिकेत आलेल्या अल्टेअर या छोट्या संगणकावर तर दर्शनी भागावरच्या कळा एकेक करून वर-खाली कराव्या लागत. अशा रीतीने पहिल्या काही आज्ञा हाताने भरल्या की त्या आज्ञा पुढची आज्ञावली आत ओढून घेत. एक कळ चुकली तरी आज्ञा बिघडे.

आय.बी.एम. कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्यात ही पहिली आज्ञावली न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत कायमची कोरलेली होती. तिला बायोस म्हणतात. बायोसचे शेवटचे काम अगदी छोटे होते. फ्लॉपीचा पहिला तुकडा, म्हणजे सेक्टर, स्मृतीत आणायचा आणि त्यात जे लिहिले असेल त्याच्या हाती कारभार सोपवायचा. या सेक्टरचा आकार ५१२ बाइट. साध्या इंग्रजी मजकुरात मोजला तर पोस्टकार्डाची एक बाजू भरेल एवढाच.

गंमत अशी की या संगणकासाठी पहिल्यापासूनच तीन कार्यप्रणाली जाहीर झाल्या होत्या: पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. म्हणजे एका यंत्रावर अनेक कार्यप्रणाली ही कल्पना काही नंतरची नव्हे. मात्र भांडण नव्हते, कारण निवड माणूस करीत असे. जी कार्यप्रणाली हवी तिची फ्लॉपी आत सरकवायची, झाले.

सांधेवाला येतो

मार्च १९८३ मध्ये आय.बी.एम.चा एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आला. आता डिस्क आतच बसलेली, बदलता न येणारी. मग एकाच डिस्कवर दोन कार्यप्रणालींनी नांदायचे कसे? उत्तर म्हणून डिस्कचे जास्तीत जास्त चार भाग पाडायची सोय केली गेली आणि त्या भागांचा तक्ता पहिल्याच सेक्टरमध्ये ठेवला गेला. हिशोब असा: ४४६ बाइट आज्ञांना, प्रत्येकी १६ प्रमाणे चार नोंदींना ६४ बाइट आणि शेवटचे २ बाइट ओळखीच्या खुणेला. एकूण ५१२. प्रत्येक नोंदीत तो भाग कुठून सुरू होतो, केवढा आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे हे लिहिलेले असे. सुरू करायच्या भागावर ‘चालू’ अशी खूण असे.

खडकीच्या मुलांना हे समजावून सांगायला रेल्वे स्थानक बरे पडते. स्थानकात एका रुळातून दुसरे रूळ फुटतात तिथे सांधा असतो. सांधा ज्या बाजूला वळवलेला असेल त्या बाजूला गाडी जाते. पूर्वी हा सांधा हाताने वळवणारा माणूस, सांधेवाला, तिथे उभा असे. डिस्कचा पहिला सेक्टर म्हणजे हा सांधेवाला आणि चार भाग म्हणजे चार रूळ. सांधेवाला जागेवर नसला तर एकही गाडी पुढे सरकणार नाही. पण म्हणून रूळ उखडले गेले, डबे नाहीसे झाले, असे कोणी म्हणेल का?

आपल्या दुरुस्त्यांत नेमके हेच म्हटले जाते.

‘जोशीं’चा वाढदिवस

या ५१२ बाइटांची नाजूक जागा सर्वांत आधी हेरली ती विषाणू लिहिणाऱ्यांनी. बायोस पहिल्या सेक्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. तेव्हा तिथे आपली आज्ञावली घुसवली की कार्यप्रणाली जागी होण्याआधीच यंत्र ताब्यात येते. १९९० साली भारतात प्रथम आढळलेला ‘जोशी’ विषाणू याच जातीचा. ५ जानेवारीला संगणक सुरू केला की तो जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करायला सांगे आणि त्या दिल्याशिवाय यंत्र पुढे हलू देत नसे. मायकेलअँजेलो हा दुसरा विषाणू मात्र थट्टा करणारा नव्हता. ६ मार्चला तो डिस्कवरची माहिती निकामी करी. १९९२ साली त्याने जगभर धास्ती निर्माण केली.

पुण्याचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून १९९० च्या दशकात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय उभा केला. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणूंनी अडवलेली यंत्रे बरीच असत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ती साफ करण्यासाठी आज्ञावली लिहिल्या आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. या जातीतले अनेक विषाणू मूळ पहिला सेक्टर पुसून न टाकता डिस्कवरच दुसरीकडे हलवून ठेवीत. तो शोधून जागेवर आणला की यंत्र पूर्ववत सुरू होई. यंत्र सुरू न होणे आणि माहिती नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळच्या चांगल्या कारागिराला पक्के ठाऊक होते.

अक्षरे सांगतात रोग

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स लिहायला घेतले ते मिनिक्स ही दुसरी कार्यप्रणाली चालणाऱ्या संगणकावर. एकदा चुकून त्याने मोडेमला द्यायच्या आज्ञा डिस्कलाच दिल्या आणि मिनिक्सचा भाग बिघडला. तेव्हापासून तो लिनक्सवरच राहिला.

लिनक्स आणि डॉस एकाच डिस्कवर ठेवण्यासाठी १९९२ साली वर्नर आल्मेसबर्गर याने ‘लिलो’ हा सांधेवाला लिहिला. त्याची एक युक्ती शिक्षकांना आवडावी. लिलो सुरू होताना कामाचा एकेक टप्पा पार पडला की आपल्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर उमटवी: एल, आय, एल, ओ. काहीच उमटले नाही तर लिलोपर्यंत कारभार पोचलाच नाही. ‘एल’वर थांबला तर दुसरा टप्पा डिस्कवरून वाचता आला नाही. ‘एल-आय’वर थांबला तर दुसरा टप्पा आत आला पण चालू झाला नाही. चारही अक्षरे आली तर लिलोचे सर्व भाग नीट आत आले. विद्यार्थी गणितात कोणत्या पायरीवर अडला ते पाहून आपण त्याला मदत करतो, तसेच हे.

भारतात १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिकाने लिनक्सच्या सीडी वाचकांपर्यंत पोचवल्या आणि अनेकांच्या घरी दोन कार्यप्रणालींचा संसार सुरू झाला. भांडणेही सुरू झाली. विंडोज ९५ बसवताना ते पहिल्या सेक्टरमध्ये न विचारता आपल्या आज्ञा लिही. लिलो नाहीसा होई, यादी दिसेनाशी होई आणि लिनक्स पुसले गेले असे लोकांना वाटे. प्रत्यक्षात लिनक्सचा भाग जसाच्या तसा असे. फ्लॉपीवरून लिनक्स सुरू करून लिलो पुन्हा लिहिला की काम भागे.

दुसरी अडचण अंकगणिताची. बायोसच्या जुन्या पद्धतीत डिस्कवरची जागा सांगायला सिलिंडरसाठी १० बिट, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट होते. म्हणजे १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि (सेक्टर एकपासून मोजत असल्यामुळे) ६३ सेक्टर. हा गुणाकार वर्गात जरूर करून घ्यावा: १०२४ × २५६ × ६३ × ५१२ म्हणजे सुमारे ८४५ कोटी बाइट. डिस्क याहून मोठी असेल आणि लिनक्सचा गाभा या सीमेपलीकडे जाऊन बसला असेल, तर डिस्क धडधाकट असूनही बायोसचा हात तिथवर पोचत नसे. काल चालणारे यंत्र नवा गाभा घातल्यावर आज बंद, याचे कारण कधी कधी एवढेच असे.

लिलोला फायलींची नावे कळत नसत. तो फक्त जागांचे क्रमांक लक्षात ठेवी. फाइल हलली की तो हरवे. १९९५ साली एरिक बोलेन याने सुरू केलेल्या ‘ग्रब’ने ही उणीव दूर केली. तो डिस्कची रचना समजून घेऊन फाइल नावाने शोधतो. पण त्याचाही बराचसा भाग लिनक्सच्या विभागात असतो. विंडोजमधून कोणी ‘हा कसला अनोळखी भाग’ म्हणून तो विभाग काढून टाकला, तर ग्रब अर्ध्या वाटेवर उभा राहतो आणि ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच म्हणतो.

नवी पद्धत, जुना सेल

त्या पहिल्या तक्त्यात जागेचे आकडे ३२ बिटांचे होते, त्यामुळे सुमारे २.२ लाख कोटी बाइटांपुढची डिस्क त्यात मावत नव्हती. या आणि इतर कारणांनी यूईएफआय ही नवी पद्धत आली. तिची देखरेख करणारी संस्था २००५ साली स्थापन झाली. या पद्धतीत साधारणपणे १२८ भागांच्या नोंदी मावतात, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि प्रत्येक कार्यप्रणालीचा सांधेवाला एका छोट्या विभागात फाइल म्हणून राहतो. त्यांचा क्रम संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या स्मृतीत लिहिलेला असतो. विंडोजने स्वतःला पहिला क्रमांक दिला तरी लिनक्सची फाइल सहसा जागेवरच असते. सेटअपमध्ये क्रम बदलला की यादी परत येते.

यूईएफआय आल्यानंतरच्या अनेक यंत्रांना दोन्ही पद्धती येत, आणि कोणती वापरायची ते त्यांच्या सेटअपमध्ये नोंदलेले असते. आता खडकीला परत जाऊ.

मी सेटअप उघडला तेव्हा कोपऱ्यातल्या तारखेने लक्ष वेधले. संगणक कित्येक वर्षे मागची १ जानेवारी दाखवीत होता. संगणकाचे घड्याळ आणि सेटअपच्या नोंदी जपायला मुख्य पाटीवर ३ व्होल्टचा एक बटन सेल असतो. यंत्र विजेला जोडलेले असले की त्या सेलवर भार पडत नाही. सुट्टीत शाळेने मुख्य स्विच बंद ठेवला होता, सेल जुना होता, तो दीड महिन्यात संपला आणि सेटअपच्या नोंदी कारखान्यातून आल्या तशा झाल्या. डिस्क जुन्या पद्धतीच्या तक्त्याची होती आणि यंत्र तिच्यावर नव्या पद्धतीची फाइल शोधत होते. ती सापडणार कशी?

सेल बदलला, तारीख लावली, पद्धत पुन्हा ‘जुनी’ केली. यादी आली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा मोफत आधार संपल्यावर जुनी यंत्रे चालू ठेवायला लिनक्स सोबत बसवण्याचा पर्याय अनेक शाळांपुढे आला आहे. तेव्हा अशी सकाळ कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. त्या वेळी क्रम असा ठेवावा. पडद्यावरची ओळ शब्दशः लिहून घ्यावी. अडकवलेला पेन ड्राइव्ह काढावा. सेटअपमध्ये तारीख पाहावी, तिथे डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत असेल तर डिस्क निदान जागी आहे. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आधी फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि त्यानंतरच सांधेवाल्याची दुरुस्ती करावी. डिस्क काढून दुसऱ्या विंडोज संगणकाला जोडली तर लिनक्सचा भाग न ओळखल्यामुळे ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न येतो. त्याला नाही म्हणावे. डिस्कचे नावच दिसत नसेल किंवा आतून खटखट आवाज येत असेल, तर मात्र यंत्र लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावे. तो आजार वेगळा.

बाईंनी त्याच दुपारी पावसाच्या नोंदींच्या दोन प्रती काढल्या. एक पेन ड्राइव्हवर, दुसरी मुलांकडून वहीत उतरवून घेतली. वहीच्या शेवटच्या पानावर एका मुलीने सेल बदलल्याची तारीखही लिहून ठेवली आहे.