रॉ, जेपेग आणि टिफ (डिजिटल छायाचित्रण)

डिजिटल छायाचित्र साठवण्याचे तीन प्रमुख फाइल-प्रकार. रॉमध्ये सेन्सरची मूळ नोंद राहते, जेपेगमध्ये तयार चित्र दाबून बसवलेले असते, तर टिफमध्ये तयार चित्र सहसा काहीही न गाळता ठेवतात. रंगाचे आणि उजेडाचे निर्णय कॅमेऱ्याने जागेवरच उरकायचे की छायाचित्रकाराने मागाहून सवडीने घ्यायचे, यावर निवड ठरते.

सेन्सरला रंग कळत नाही. कोणत्या बिंदूवर किती प्रकाश पडला एवढेच तो मोजतो. म्हणून त्यावर रंगीत गाळण्यांची जाळी बसवतात. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांना 1976 मध्ये जिचे पेटंट मिळाले, त्या मांडणीत निम्मे बिंदू हिरवे आणि उरलेले लाल व निळे समसमान असतात. आजचे बहुतेक कॅमेरे हीच मांडणी वापरतात. प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाचे मोजमाप होते, बाकीचे दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरावे लागतात. रॉ फाइलमध्ये ही भर अजून पडलेली नसते आणि व्हाइट बॅलन्सही (उजेडाच्या रंगछटेची दुरुस्ती) केवळ सूचना म्हणून सोबत असतो.

याचा फायदा मंगल कार्यालयात लगेच कळतो. एकीकडून पिवळे दिवे, दुसरीकडून खिडकीचा निळसर उजेड आणि मध्ये हळद लावलेला नवरदेव. जेपेगमध्ये त्या पिवळ्या गालांवरची निळ्या रंगाची नोंद अनेकदा शून्याला टेकलेली असते, त्यामुळे चेहऱ्याचे चढउतार सपाट होतात आणि नंतर कितीही सरकपट्ट्या ओढल्या तरी परत येत नाहीत. रॉमध्ये तिथे सावरायला बरीच जागा उरते.

जेपेगचे मानक 1992 चे. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह 1974 मध्ये मांडलेले डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे गणित त्याच्या गाभ्याशी आहे. चित्राचे 8 × 8 बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळले जातात. दाब वाढवला की निळ्या आकाशात चौकोन दिसू लागतात आणि कळसाच्या कडेभोवती मळकट झालर उमटते. बदल करून पुन्हा साठवले की आणखी थोडे गळते. नुसती फाइल उघडल्याने किंवा तिची प्रत काढल्यानेही चित्र बिघडते, हा गैरसमज मात्र फार पसरलेला आहे; तसे काहीही होत नाही.

नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात, 14 बिटांच्या रॉमध्ये 16,384. रॉची नोंद प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असल्याने त्यांतल्या निम्म्या पायऱ्या सर्वांत उजळ स्टॉपलाच (प्रकाश दुप्पट होण्याच्या शेवटच्या टप्प्याला) मिळतात. सावल्यांच्या वाट्याला थोड्या येतात. शिवाय तिथे मुळात प्रकाशच कमी पडलेला असल्याने काळपट काढलेला फोटो नंतर उजळला की सावल्यांत दाणे दिसतात. उलट, उन्हात पुरता जळालेला पांढरा सदरा रॉमधूनही परत येत नाही.

जागेचा हिशेबही पाहावा लागतो. 24 मेगापिक्सेलची न दाबलेली 14 बिटांची रॉ सुमारे 42 एमबी आणि तिच्यापासून केलेली 16 बिटांची टिफ 144 एमबी भरते. जेपेग त्यांच्यापुढे अगदीच लहान.

कामाचा क्रम साधारण ठरलेला आहे. आधी दोन ठिकाणी प्रती आणि त्या उघडून पाहिल्यावरच कार्ड पुसणे. यात घाई करू नये. लाइटरूम (2007) किंवा मोफत मिळणारे डार्कटेबल, रॉथेरपी यांत केलेले बदल सूचनांच्या रूपाने वेगळे साठवले जातात, मूळ रॉला हात लागत नाही. व्हाइट बॅलन्स व एक्स्पोजर आधी उरकावेत. डाग काढणे, दोन चित्रे जोडणे अशा कामांसाठी 16 बिटांची टिफ घ्यावी आणि जेपेग अगदी शेवटी, हव्या त्या आकारात धार देऊन काढावी. स्क्रीनसाठी एसआरजीबी हाच रंगावकाश सुरक्षित. अॅडोबी आरजीबीतली फाइल रंगावकाशाची दखल न घेणाऱ्या प्रणालीत फिकट दिसते.

रॉची मोठी अडचण म्हणजे प्रत्येक कंपनीची चूल वेगळी: निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर3, सोनीची एआरडब्ल्यू. यावर तोड म्हणून अॅडोबीने 2004 मध्ये डीएनजी हा खुला प्रकार आणला. लायका आणि पेंटॅक्स तो कॅमेऱ्यातच देतात, निकॉन, कॅनन, सोनी मात्र आपापल्याच प्रकारांवर ठाम आहेत.

वृत्तछायाचित्रणात गणित उलटते. नोव्हेंबर 2015 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या मुक्त छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेली चित्रे पाठवू नका, कॅमेऱ्यातच जेपेग म्हणून साठवलेलीच पाठवा, असे कळवले. चित्र लवकर पोचावे आणि त्यावर कमी हात फिरावा, ही दोन कारणे त्यामागे होती. याउलट वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत पुढच्या फेऱ्यांना पोचलेल्यांकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल पडताळणीसाठी मागवली जाते.