चित्रं भिंतीवर, कागद रद्दीत

तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. पांढरीच्या मातीत सापडलेली खापरं, मणी, मातीच्या मूर्ती एका माणसाने जपल्या, म्हणून सातवाहनकाळातल्या तगराचा रोमशी असलेला संबंध आज आपल्याला डोळ्यांनी पाहता येतो. दोन हजार वर्षांपूर्वीचं खापर आपण असं सांभाळतो. आणि शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांची ट्रंक त्यांच्या माघारी उघडते तेव्हा? चित्रं भिंतीवर लागतात. वह्या, पत्रं, पावत्या रद्दीत जातात. आज आम्हाला बोलायचं आहे ते या रद्दीविषयी.

अमेरिकेत 1954 साली डेट्रॉइटमध्ये एक संस्था निघाली, आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट. ती पुढे स्मिथसोनियनमध्ये गेली. तिथे चित्रकारांची पत्रं, रोजनिश्या, हिशेबाच्या वह्या जमवतात आणि फळीवर किती फूट जागा लागली यावर संग्रह मोजतात. चित्रांसाठी संग्रहालयं होतीच. कागदांना घर नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर महादेव विश्वनाथ धुरंधरांचं. जन्म 1867, कोल्हापूर. 1890 साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून गेले, तिथेच शिक्षक झाले आणि 1931 ला निवृत्त झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. नावच बघा ना, सेवापुस्तकासारखं आहे! ग्रिफिथ्स, बर्न्स, सॉलोमन असे इंग्रज प्रिन्सिपॉल येतात, जातात, धुरंधर तिथेच. 1895 साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, ‘विमेन ऑफ इंडिया’ या 1920 च्या पुस्तकासाठी त्यांनी स्त्रियांची चित्रं काढली, घरोघरी त्यांची पोस्टकार्डं पोचली. संचालकाची खुर्ची मात्र 1930 मध्ये मिळाली, तीही हंगामी, निवृत्तीच्या तोंडावर. लक्ष्मीच्या किंवा शिवराज्याभिषेकाच्या चित्रात हे कुठेही दिसत नाही. चित्रात चित्रकार राजा असतो. तो सरकारी नोकर होता हे कागद सांगतो.

पण आत्मचरित्रावरही सगळी भिस्त ठेवू नये असं आमचं मत आहे. म्हातारपणी माणूस निवडून सांगतो, कुणाचा मान राखतो, कुठे गप्प बसतो. त्याच्या शेजारी धुरंधरांची रेखाटनं ठेवा. त्यांना रेखाटनावर तारीख घालायची सवय होती. रस्त्यावरची बाई, घरातलं माणूस, कुणाचा फेटा, आणि कोपऱ्यात तो दिवस. लोकांना आवडावं म्हणून हे काढलेलं नव्हतं, म्हणून तर त्याला साक्षीचं मोल.

1944 साली धुरंधर गेले. त्यांची मुलगी अंबिकाबाई स्वतः जे. जे. मधून शिकलेली चित्रकार. 2009 पर्यंत त्या होत्या, आणि वडिलांचा ठेवा त्यांनी जपला. म्हणजे साठाहून जास्त वर्षं! ते काम कुठल्या सरकारी खात्याने केलेलं नाही, घरातल्या एका बाईने केलंय. कलेच्या इतिहासात अशा माणसांना ओळभरसुद्धा जागा मिळत नाही, याचा आम्हाला राग येतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. जुने कागद उर्दूत, काही मोडीत. नातवंडांना वाचता येत नाहीत, म्हणून ते ‘काही कामाचे नाहीत’ ठरतात. वाचता येत नाही म्हणून कागद फेकू नका. वाचणारा आज ना उद्या सापडतो.

ट्रंक उघडलीत तर घाईने कागद लावायला बसू नका. ज्या गठ्ठ्यात, ज्या क्रमाने आहेत तसेच आधी फोटो काढा. टाचण्या गंजल्या असतील तर हळूच काढा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. फोटोतली माणसं ओळखणारी आजी घरात असेल, तर तिला आजच विचारा आणि मागे पेन्सिलीने नावं लिहा, शाईने नको. आणि पेटी जमिनीवर नको, वाळवी खालूनच येते.