सहा दिवस आणि खडकांची साक्ष

अकोटहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची रांग दिसते. नरनाळ्याच्या रस्त्याला लागावे, तो डोंगराची ठेवण स्पष्ट होत जाते. एक सपाट टप्पा, मग कडा, पुन्हा टप्पा, पुन्हा कडा. जणू कोणी प्रचंड पायऱ्या रचल्या आहेत. या पायऱ्या म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. दख्खनच्या पठाराचा हा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय उद्रेकांतून तयार झाला, हे आपण भूगोलाच्या तासाला शिकवतो. मुले ते वहीत लिहून घेतात.

मध्यंतरी अकोटला काही शिक्षकांशी आमच्या गप्पा चालल्या होत्या. एका शिक्षिकेने त्यांच्या वर्गातील प्रसंग सांगितला. ख्रिस्ती घरातली एक हुशार मुलगी तास संपल्यावर त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘बाई, पेपरात मी कोटी वर्षं लिहिली. पण आमच्या घरी म्हणतात, पृथ्वीला सहा हजारच वर्षं झाली. मंग खरं काय?’’ बाईंनी सांगितले, ‘‘परीक्षेत पुस्तकातलं लिही.’’ मुलगी मान डोलावून गेली. ‘‘पण मी तिला उत्तर दिलंच नाही,’’ असे बाई आम्हाला म्हणाल्या.

ही रुखरुख आम्हाला महत्त्वाची वाटली. त्या मुलीला बहुधा असे वाटले असणार, की एकीकडे धर्म, दुसरीकडे विज्ञान, आणि तिने दोहोंतील एक निवडायचे आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. बायबलचा शब्दशः अर्थ लावण्याला जुना आणि चिवट विरोध ख्रिस्ती धर्माच्या आतूनही झाला. या इतिहासाचा एक धागा आपल्या विदर्भातूनही जातो.

सहा हजार वर्षे कुठून आली?

बायबलचे पहिले पुस्तक ‘उत्पत्ती’. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, अशी कथा त्यात आहे. हे केव्हा घडले, ते सांगितलेले नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचे गणित मांडले. बायबलमधील वंशावळींतील वयांची बेरीज करून आणि बाबिलोन, इराण, ग्रीस यांच्या इतिहासाशी ताळा जुळवून त्यांनी इसवी सनापूर्वी ४००४ हे साल काढले. त्या काळाच्या मानाने हे परिश्रमपूर्वक केलेले संशोधनच होते. पुढे १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात हे साल छापले जाऊ लागले आणि वाचणाऱ्यांना समासातला आकडाही मूळ ग्रंथाइतकाच पवित्र वाटू लागला.

पण अशरच्या कितीतरी आधी ख्रिस्ती विद्वानांना ही कथा शब्दशः घेण्यातली अडचण दिसली होती. कथेनुसार सूर्य निर्माण झाला चौथ्या दिवशी. मग पहिले तीन दिवस सकाळ आणि संध्याकाळ कशी झाली? हा प्रश्न अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने तिसऱ्या शतकातच विचारला आणि कथा रूपकात्मक असल्याचे म्हटले. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन (मृत्यू इ. स. ४३०) यांच्या मते हे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नव्हेत. त्यांनी आपल्या धर्मबांधवांना एक इशाराही दिला होता. त्याचा आशय असा: आकाश, तारे, प्राणी, वनस्पती यांविषयी अख्रिस्ती माणसालाही अनुभवाने बरेच माहीत असते. धर्मग्रंथाच्या आधारे त्याविषयी कोणी काहीबाही बोलू लागला, तर ऐकणारे हसतील आणि ग्रंथातील मोलाच्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाहीत.

हिब्रू भाषेतील एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. ‘दिवस’ या अर्थी मूळ शब्द ‘योम’. पहिल्या अध्यायात सृष्टीला सहा ‘योम’ लागतात. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत मात्र आकाश आणि पृथ्वी यांच्या निर्मितीच्या सगळ्याच काळाला एक ‘योम’ म्हटले आहे. शिवाय पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस नंतर. दुसऱ्यात माणूस आधी आणि प्राणी नंतर. दोन्ही एकाच वेळी शब्दशः घ्यायचे कसे?

पाद्रीच भूशास्त्रज्ञ

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत अनेक जण धर्मगुरू होते. ऑक्सफर्डचे विल्यम बकलँड यांनी १८२३ साली गुहांतील हाडे आणि गाळ हा नोहाच्या जलप्रलयाचा पुरावा मानला. पुढे अधिक निरीक्षणे हाती आल्यावर १८३६ च्या ग्रंथात त्यांनी ते मत सोडले. केंब्रिजचे ॲडम सेज्विक हेही धर्मगुरूच. निरनिराळ्या ठिकाणचे गाळाचे थर एकाच महापुराचे नाहीत हे पटल्यावर १८३१ साली, जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून, आपली चूक त्यांनी जाहीरपणे कबूल केली. भर सभेत ‘माझे चुकले’ म्हणणारा शास्त्रज्ञ मुलांना जरूर सांगावा.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. अकोट ज्या पूर्णेच्या खोऱ्यात आहे, तिथे काळ्या मातीखाली गाळाचे जाड थर आहेत. काही ठिकाणी त्यांची जाडी शेकडो मीटर भरते. खारपाणपट्टा तो हाच. एका पुराने एवढा गाळ येईल का? वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू असा क्रम का दिसतो? विहीर किंवा बोअर खणताना निघालेली माती नीट पाहिली, की हे प्रश्न सेज्विकच्या नव्हे, आपल्याच अंगणातले होतात.

नागपूरचे हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरच्या महाविद्यालयामुळे विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. ते भूशास्त्रज्ञ होते, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. स्कॉटलंडमधील डन्स या गावी १८१७ साली त्यांचा जन्म झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून १८४५ च्या आरंभी ते नागपूरला आले. धर्मप्रसार आणि शाळा ही त्यांची कामे. त्यासाठी फिरताना ते खडक पाहत, टिपणे ठेवत, जीवाश्म गोळा करत.

नागपूरजवळ टाकळी येथे लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेला गाळाचा एक थर त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी बारकाईने तपासला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, माशांचे अवशेष, किड्यांचे कठीण पंख, झाडांची फळे आणि बिया होत्या. म्हणजे इथे एके काळी तळे होते. त्यात जीव जन्मले, वाढले, मेले आणि तळाशी गाळात पुरले गेले. अशा थरांना आज ‘आंतरट्रॅपी थर’ म्हणतात. त्यांचा अर्थ सोपा पण फार मोठा आहे. लाव्हा एकदम सगळा आला नाही. एक उद्रेक झाला, खडक थंड झाला, त्यावर पाणी साचले, जीवसृष्टी रुजली. मग पुन्हा लाव्हा आला. पायऱ्यांच्या मध्ये काळ दडलेला आहे.

हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांनी ठरवलेले थरांचे वय पुढच्या संशोधकांनी दुरुस्त केले; हे थर डायनोसॉर नष्ट झाले त्या काळाच्या आसपासचे आहेत, असे आता दिसते. अमरावती जिल्ह्यात साळबर्डीला लाव्हाखालच्या थरांत डायनोसॉरची हाडेही सापडली आहेत.

ज्या चर्चने हिस्लॉपना पाठवले, त्या चर्चचे वैचारिक वातावरणही पाहायला हवे. त्याचे नेते थॉमस चाल्मर्स यांनी फार पूर्वीच सुचवले होते, की उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यानंतर अतिदीर्घ काळ गेला असेल. त्याच चर्चमधील पत्रकार आणि भूशास्त्रज्ञ ह्यू मिलर यांनी सहा दिवस म्हणजे सहा युगे, असा अर्थ लावला. थोडक्यात, हिस्लॉप हातोडी घेऊन निघत, तेव्हा त्यांना धर्म घरी ठेवावा लागत नव्हता.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. तेव्हा त्यांना ४६ वे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

भाषांतरकाराला सुटका नाही

त्याच सुमारास आफ्रिकेत एक वादळ उठले. नाताळ प्रांताचे बिशप जॉन कोलेन्सो हे गणिती. त्यांची अंकगणिताची पाठ्यपुस्तके इंग्रजी शाळांत गाजलेली. झुलू भाषेत बायबल आणताना त्यांचे झुलू सहकारी विल्यम एन्गिडी यांनी प्रलयाच्या कथेपाशी थांबून सरळ विचारले, की हे सगळे खरेच असे घडले का? उष्ण आणि थंड प्रदेशांतले सगळे प्राणी एका तारवात आले कसे? कोलेन्सोंनी भूशास्त्र वाचले होते. मनात नाही ते ‘हो’ म्हणायला ते तयार झाले नाहीत. १८६२ पासून त्यांनी बायबलच्या पहिल्या पुस्तकांची चिकित्सा प्रसिद्ध केली. सहा लाखांवर पुरुषांचा समुदाय एका तंबूच्या दाराशी उभा राहील का, असे हिशेब त्यांनी मांडले. १८६३ साली केप टाउनच्या वरिष्ठ बिशपांनी त्यांना पदच्युत केले. १८६५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय रद्द ठरवला. हिस्लॉपच्याच चर्चमधील प्राध्यापक विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांनी १८७५ साली विश्वकोशात बायबलवर चिकित्सक लेख लिहिला. त्यांची अध्यापकाची जागा १८८१ साली गेली. आतून बोलणाऱ्यांना किंमत मोजावी लागली, ती अशी.

महाराष्ट्रातही भाषांतराची परंपरा मोठी आहे. विल्यम कॅरी आणि नागपूरकडचे वैजनाथ पंडित यांच्या श्रमांतून मराठी नवा करार १८११ साली छापला गेला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. रमाबाई काही चिकित्सक पंथाच्या नव्हत्या, ग्रंथावर त्यांची गाढ श्रद्धा होती. पण चर्च सांगते म्हणून एखादे मत मानायला त्यांनी इंग्लंडमध्ये असतानाच नकार दिला होता. शब्द निवडणाऱ्याला अर्थ निवडावा लागतो. ‘फक्त शब्दशः’ असे वाचन भाषांतरकाराला तरी शक्य नसते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. १८३० च्या दशकात मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद गाजला. पुराणांतील भूगोलाची मिशनरी टिंगल करत. तोच मापदंड पुढे उत्पत्तीच्या पुस्तकालाही लागला. आपल्याकडेही सुबाजी बापू यांनी १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ या मराठी ग्रंथात पुराणांतील विश्वरचनेपेक्षा ज्योतिषसिद्धांतांतील गणित खरे मानावे, असे मांडले. धर्म वेगळा असला, तरी प्रश्न तोच होता.

उलटी लाट

मग सहा हजार वर्षांचा आग्रह आज इतका जोरात कसा? १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत ‘मूलतत्त्वे’ या अर्थाच्या नावाने १२ पुस्तिका निघाल्या आणि फुकट वाटल्या गेल्या. ‘मूलतत्त्ववादी’ हा शब्द १९२० साली त्यातूनच आला. गंमत म्हणजे त्या पुस्तिकांतील जेम्स ऑर यांच्यासारख्या लेखकांनाही पृथ्वी फार जुनी असण्यात अडचण वाटत नव्हती. तरुण पृथ्वी आणि जगद्व्यापी प्रलय हा आग्रह विशेष पसरला तो १९६१ साली व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या पुस्तकानंतर. ज्याला पुष्कळ जण प्राचीन श्रद्धा समजतात, तिचे आजचे रूप इतके अलीकडचे आहे. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काम करणारे ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ हे मिशन बायबल निर्दोष मानणाऱ्या अमेरिकन परंपरेतले. पण ग्रंथ निर्दोष मानणे आणि सहा दिवस २४ तासांचे मानणे या दोन गोष्टी एकच नव्हेत.

आतला विरोधही थांबला नाही. १९२२ साली न्यूयॉर्कचे धर्मोपदेशक हॅरी एमर्सन फॉस्डिक यांनी मूलतत्त्ववादाविरुद्ध जाहीर प्रवचन दिले. पुढे त्यांना ते व्यासपीठ सोडावे लागले. १९८१ साली आर्कान्सा राज्याने शाळांत उत्क्रांतीच्या बरोबरीने ‘निर्मितिविज्ञान’ शिकवण्याचा कायदा केला. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि रोमन कॅथलिक बिशप होते. ५ जानेवारी १९८२ रोजी तो कायदा घटनाबाह्य ठरला. रोमन कॅथलिक चर्चच्या बायबल आयोगानेही १९९३ साली मूलतत्त्ववादी वाचनावर कडक टीका केली.

वर्गात काय सांगायचे?

कोणाच्या धर्मग्रंथाचा अर्थ लावणे हे शिक्षकाचे काम नाही. विद्यार्थ्याच्या घरच्या श्रद्धेची थट्टा करणे तर मुळीच नाही. पण ‘पुस्तकातलं लिही’ हेही उत्तर नव्हे. त्याने विज्ञान म्हणजे दुसरी एक पोथी, एवढेच मुलांच्या मनात ठसते. पृथ्वीचे वय आपण पुस्तक सांगते म्हणून मानत नाही. थर, जीवाश्म आणि किरणोत्सारी मूलद्रव्यांचे मोजमाप वेगवेगळ्या वाटांनी एकमेकांशी जुळते, म्हणून मानतो. हे मुलांना सांगावे, आणि शक्य तिथे दाखवावे.

निरोप घेताना आम्ही बाईंना हिस्लॉपची आणि सेज्विकची गोष्ट सांगितली. काही दिवसांनी त्यांचे पत्र आले. नरनाळ्याच्या सहलीत त्यांनी मुलांना घाटात थांबवून थर मोजायला लावले होते. त्या मुलीने विचारले, ‘‘हे पाद्रीसाहेबांनी शोधलं?’’ बाई ‘हो’ म्हणाल्या. मुलीने पुढे काही विचारले नाही. मात्र खडकाचा एक तुकडा रुमालात बांधून ती घरी घेऊन गेली.