न्हावा-शेव्यापर्यंत पोचलेलं अपडेट

मंडळी, आजचा विषय जरा कामाचाच आहे, पण सुट्टीचा दिवस असल्यामुळे इतिहासाच्या अंगानं. एका जागी बसून शेकडो-हजारो मशीनवर सॉफ्टवेअर चढवायचं कसं? ऐकायला रटाळ आहे, मान्य. आमच्या धंद्यातसुद्धा हे काम करणाऱ्याला कुणी विचारत नाही. सगळं सुरळीत असलं की 'हा दिवसभर करतो काय?' आणि बिघडलं की पहिला फोन त्यालाच! पण या विषयाच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की जी युक्रेनमधल्या करभरणीच्या सॉफ्टवेअरपासून निघून थेट आपल्या उरणच्या बंदरापर्यंत येते. तिच्यापर्यंत पोचायचं तर थोडं मागून यावं लागेल.

कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची पार्क नावाची प्रयोगशाळा होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे शंभराहून जास्त आल्टो मशीन इथरनेटनं एकमेकांना जोडलेली होती. रात्री माणसं घरी गेली की ही सगळी मशीनं नुसती बसून. जॉन शॉक आणि जॉन हप या दोघांनी विचार केला की हा रिकामा वेळ वापरावा. त्यांनी असे प्रोग्राम लिहिले की जे नेटवर्कवर रिकामं मशीन शोधायचे, त्यावर स्वतःची प्रत चढवायचे आणि मालक सकाळी आला की दुसरीकडे जागा बघायचे. याला त्यांनी नाव दिलं 'वर्म', म्हणजे किडा. एक किडा तर नुसता मशीन-मशीनवर चित्र दाखवत फिरायचा. एके रात्री एक छोटा किडा चालू ठेवून मंडळी घरी गेली. त्याची प्रत कुठेतरी बिघडली. बिघडलेली प्रत चढली की मशीन बंद पडायचं, मग किडा पुढचं मशीन धरायचा. सकाळी बघतात तर इमारतीभर शंभरेक मशीनं आडवी! या दोघांचा यावरचा निबंध १९८२ साली छापून आला आणि तो आजही वाचण्यासारखा आहे.

मला यातली गंमत अशी वाटते की दूरच्या मशीनवर प्रोग्राम चढवायची सोय आणि 'किडा' हा प्रकार, दोन्ही एकाच घरात जन्मले. पुढे एकाचं नाव सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन झालं, दुसऱ्याचं मालवेअर.

मधली काही वर्षं मी भरभर ओलांडतो, कारण ती बहुतेक फ्लॉपी आणि सीडीची वर्षं आहेत. डबा घेऊन टेबला-टेबलावर जायचं, 'डिस्क ४ घाला' आलं की डिस्क ४ घालायची, आणि नेमकी डिस्क ७ खराब निघायची. मायक्रोसॉफ्टनं १९९४ साली सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर काढला तो ही पायपीट वाचवायला. एका जागेवरून ढकला, सगळीकडे पोचेल. त्याच सुमाराला लिनक्सच्या जगात वेगळा संसार चालू होता. डेबियनचं डीपीकेजी १९९४ चं, रेड हॅटचं आरपीएम १९९५ चं. दोन्हींनी एक मोलाचं काम केलं. कुठल्या प्रोग्रामच्या फाइली कुठे ठेवल्या याची नोंदवही ठेवली. त्यामुळे काढताना सगळं नीट निघायचं. पण चढवताना जीव जायचा! हे पॅकेज घालायचं तर ते हवं, ते घालायला तिसरं हवं, तिसऱ्याची आवृत्ती जुळत नाही... तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी दुसरा दाखला लागतो तशातली गत. डेबियन २.१ बरोबर मार्च १९९९ मध्ये एपीटी आलं आणि एका ओळीच्या आज्ञेवर ते स्वतःच सगळे दाखले गोळा करून आणायला लागलं. ज्यांनी आधीचे दिवस काढलेत त्यांनाच याचं सुख कळेल.

आता जरा सावकाश. २५ जानेवारी २००३, शनिवार, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजत होते. अवघ्या ३७६ बाइटांचा एक किडा इंटरनेटवर सुटला. नाव पडलं स्लॅमर. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या एका भोकातून तो शिरायचा आणि लगेच यादृच्छिक पत्त्यांवर स्वतःच्या प्रती फेकायला लागायचा. एक प्रत म्हणजे एकच पॅकेट, उत्तराची वाट बघणं वगैरे भानगड नाही. पहिल्या मिनिटात बाधित मशीनांची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. दहा मिनिटांत भोक असलेल्या मशीनांपैकी ९० टक्क्यांहून जास्त त्याच्या ताब्यात, एकूण आकडा निदान ७५ हजारांचा. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची एटीएम अडकली. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात सुरक्षेची माहिती दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद पडली (अणुभट्टी त्या वेळी बंद होती हे नशीब).

आणि या भोकाचा पॅच कधी आला होता? जुलै २००२ मध्ये. सहा महिने आधी!

लगेच सगळ्यांनी सिस्टिम ॲडमिन लोकांना झोडपलं, आळशी म्हणून. मला हे कधीच पटलेलं नाही. एक तर तो पॅच लावणं म्हणजे जुनी फाइल हलवून नवी हातानं ठेवण्याचं काम होतं, तेही प्रत्येक सर्व्हरवर. दुसरं म्हणजे, पुष्कळ लोकांना आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे हेच माहीत नव्हतं! त्याची एक छोटी आवृत्ती इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसून यायची. तुम्ही घेतलं काहीतरी वेगळंच, आणि त्याच्याबरोबर हा पाहुणा घरात. घरात कोण राहतं याची यादी नसेल तर लस टोचणार कुणाला? आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या आतली मशीनंही त्या दिवशी सुटली नाहीत, मग बाकीच्यांनी काय करावं?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लास्टर आला, पॅच निघाल्यानंतर महिन्याच्या आत. आता मात्र मायक्रोसॉफ्टचे डोळे उघडले. ऑक्टोबर २००३ पासून पॅच महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी द्यायची पद्धत सुरू झाली. २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला, आणि 'ऑटोमॅटिक अपडेट चालू ठेवा' म्हणून तो अगदी मागेच लागायचा. ऑफिसांसाठी २००५ मध्ये डब्ल्यूएसयूएस आलं. ॲडमिननं एका सर्व्हरवर पॅच उतरवायचे, त्यातले हवे ते मंजूर करायचे, बाकीची मशीनं तिथून घेतील. स्लॅमरनं शिकवलेला धडा एका वाक्यात असा होता: माणसाची वाट बघू नका, मशीनला स्वतःच अपडेट घेऊ द्या.

यात खोट काही नव्हती. पण मशीन ज्याच्याकडून घेतं त्याच्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? डेबियनवाल्यांनी यावर केलेलं काम मला फार आवडतं. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांच्या स्वतःच्या काही सर्व्हरांवर चोर शिरले होते. पॅकेजांचा साठा वाचला, पण धसका बसलाच असणार. एप्रिल २००७ च्या ४.० आवृत्तीपासून एपीटी मुळातच सही तपासायला लागलं. रचना साधी आहे. प्रत्येक पॅकेजचा ठसा एका यादीत, त्या यादीचा ठसा दुसऱ्या छोट्या फाइलीत, आणि त्या फाइलीवर डेबियनची सही. मग पॅकेज तुम्ही कुठल्याही मिररवरून उतरवा, मधल्यानं एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. वाटेतल्या कुणावरही विश्वास ठेवायची गरजच उरत नाही. फक्त सही करणाऱ्यावर.

आणि सही करणाऱ्याच्याच घरात कुणी शिरलं तर?

आता युक्रेन. तिथे एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर आहे, कीव्हच्या लिंकोस ग्रुप या कंपनीचं. आपल्याकडे टॅलीशिवाय दुकानदाराचं पान हलत नाही, तसं तिथे करभरणीसाठी हे. २०१७ साली काही लोकांनी या कंपनीच्या अपडेटमध्येच चोरदरवाजा बसवला. ईसेट या सुरक्षा कंपनीनं नंतर तपासलं तेव्हा एप्रिल, मे आणि जून अशा तीन अपडेटमध्ये तो सापडला. तो ग्राहक कंपन्यांचे सरकारी नोंदणी क्रमांक गोळा करायचा, म्हणजे कुठल्या मशीनमागे कुठली कंपनी आहे हे चोराला बसल्या जागी कळत होतं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हे. आणि अपडेट वेळेवर घेणारी जी शहाणी मुलं होती, ती सगळ्यात आधी सापडली.

२७ जून २०१७, युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदला दिवस. त्या चोरदरवाजातून नॉटपेट्या सोडला गेला. वरून खंडणी मागणारा, पण पैसे दिले तरी डिस्क परत मिळणार नाही असाच बनवलेला, म्हणजे शुद्ध नासधूस. आत शिरल्यावर तो दोन वाटांनी पसरायचा. एक वाट अमेरिकेच्या एनएसएकडून फुटलेल्या हत्याराची. तिच्यावर मार्च २०१७ मध्ये पॅच आलेला होता. दुसरी वाट जास्त बेरकी. मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि पीएसएक्झेक चालवायचं. हे पीएसएक्झेक म्हणजे व्हायरस नव्हे हं! दूरच्या मशीनवर प्रोग्राम चालवायचं ॲडमिन लोकांचं रोजचं, अगदी सज्जन अवजार. त्यामुळे पॅच लावलेली मशीनंही पडली, कारण त्यांच्या दृष्टीनं साहेबच सॉफ्टवेअर चढवत होते. झेरॉक्सच्या त्या रात्रीनंतर साधारण चाळीस वर्षांनी दोन्ही भाऊ पुन्हा एका घरात.

मर्स्क ही जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक. तिच्या ओडेसाच्या ऑफिसात एका मशीनवर एम.ई.डॉक होतं. एवढं पुरलं. मर्स्कचीच एपीएम टर्मिनल्स ही कंपनी जगभर बंदरं चालवते, आणि न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल त्यांतलंच. वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळायची क्षमता असलेलं हे टर्मिनल कॉम्प्युटरविना कामाला लागलं. ऐन पावसाळ्यात! ज्यांनी कंटेनर टर्मिनल बघितलंय त्यांना कल्पना येईल. कंटेनर एकावर एक रचलेले असतात आणि कुठला कुठे आहे हे फक्त सॉफ्टवेअरला माहीत असतं. ते गेलं की उरतात नुसते रंगीत डबे. गेटवरच्या ट्रकवाल्याला कीव्ह कुठे आहे हे माहीत असायचं काय कारण? त्याची खेप मात्र अडकली.

मर्स्कला शेवटी ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्यानं उभे करावे लागले, तेही दहा दिवसांत. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होसला हा आकडा स्वतः सांगितला. हिशेब करा: दिवसरात्र धरून मिनिटाला तीन मशीनं. (स्लॅमरनं ७५ हजार मशीनांवर स्वतःला दहा मिनिटांत चढवलं होतं. या शर्यतीत किडे कायम पुढे.) पण हे करायच्या आधीच गाडं अडलं होतं. कोण कर्मचारी, कुणाला काय परवानगी, याची वही ज्या सर्व्हरांवर असते ते डोमेन कंट्रोलर सुमारे दीडशे होते, सगळे एकमेकांची नक्कल ठेवणारे. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकदम जातील हे कुणी धरलेलंच नव्हतं. मग शोधता शोधता घानात एक सापडला, धडधाकट. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून तो नेटवर्कबाहेर होता! घानाच्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही, म्हणून तो नायजेरियाच्या विमानतळापर्यंत गेला, तिथे दुसऱ्याच्या हाती हार्डडिस्क दिली, आणि ती इंग्लंडला पोचल्यावर मर्स्कची उभारणी पुढे सरकली. लोडशेडिंगचे असे उपकार मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाहीत.

यानंतर लोक सावध झाले का? थोडे झाले. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सचं प्रकरण उघडकीला आलं. चोरदरवाजा असलेलं अपडेट सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेलं होतं, आणि त्यावर कंपनीची सही अगदी खरी होती.

१९ जुलै २०२४ ला तर चोरही लागला नाही. क्राउडस्ट्राइकनं आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक छोटी माहितीची फाइल जगभर पाठवली. सॉफ्टवेअरकडे २० नोंदी होत्या, नवी फाइल एकविसावी मागत होती. विंडोज कोसळलं, रीबूट झालं, पुन्हा कोसळलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीनं. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हीच फाइल आधी शंभर मशीनांवर, मग हजारांवर अशी पाठवली असती तर तासाभरात कळलं असतं, असं माझं मत. कंपनीनं नंतर टप्प्याटप्प्यानं पाठवायची पद्धत आणलीसुद्धा. पण पडलेली मशीनं दूरून उठवता येईनात, कारण ती नेटवर्कवर येईपर्यंत जगतच नव्हती. पुन्हा टेबला-टेबलावर जाणं आलं, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची, पुढचं टेबल.

खराब फाइल आपल्या वेळेनं सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली आणि ७८ मिनिटांनी मागे घेतली गेली. अकरानंतर ऑफिसात येऊन ज्यांनी लॅपटॉप उघडला, त्यांच्या मशीनला काहीही झालं नाही.