चिठ्ठीत नाव कुणाचं?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि माझ्या फोनवर याद्यांचा पाऊस सुरू झाला. वाचायलाच हव्यात अशा दहा कादंबऱ्या, पंचवीस कादंबऱ्या, शंभर कादंबऱ्या. मी त्या भक्तिभावाने सेव्ह केल्या आणि पुन्हा 'कोसला' वाचायला घेतली. चौथ्यांदा. पुण्यात शिकायला आलेल्या प्रत्येकाचं असंच होतं. पांडुरंग सांगवीकर इथेच कॉलेजला आला होता, १९६३ साली ते पुस्तक काढलंही पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने, त्यामुळे ते आपल्याच खोलीत घडतंय असं वाटत राहतं. पण निवड आपल्यावर सोडली की हात ओळखीच्या पुस्तकाकडेच जातो.

म्हणून आम्ही तिघा मित्रांनी सोडत सुरू केली. म्हाडाची असते तशीच, फक्त घराऐवजी कादंबरी लागते. वीस जुन्या कादंबऱ्यांची नावं एकाखाली एक लिहायची. एक ते वीसमधला आकडा फोनने काढायचा. जे निघेल ते सहा आठवड्यांत संपवायचं. पुस्तक आवडलं नाही म्हणून नंबर बदलून मिळणार नाही. वाचून झालेलं नाव खोडून त्या जागी नवं लिहायचं.

पुस्तक आणि नशीब यांची गाठ जुनीच आहे. रोमन लोक व्हर्जिलचं काव्य कुठेही उघडून बोट पडेल त्या ओळीत भविष्य शोधायचे. इराणमध्ये आजही हाफिजचा दिवाण असाच उघडतात. रामचरितमानसच्या प्रतींत रामशलाका असते, २२५ घरांचा चौकोन. एका घरावर बोट ठेवायचं, तिथून दर नववं अक्षर उचलत जायचं, की चौपाई तयार होते आणि तीच उत्तर. कोकणात देवाला कौल लावतात. आपल्याकडे घराघरांत काही ठरेना की गणपतीपुढे चिठ्ठ्या टाकतात. या सगळ्यात माणूस पुढे काय होणार ते विचारतो. आमची मागणी त्यामानाने फारच किरकोळ होती.

आमच्या सोडतीचा खरा पूर्वज मात्र ग्रंथालयाच्या काउंटरवर सापडतो. जुन्या मराठी ग्रंथालयांत वाचकाला कपाटापर्यंत जाता येत नसे. आधी छापील यादीची जाडजूड वही चाळायची, त्यातले पुस्तकांचे क्रमांक एका चिठ्ठीवर उतरवायचे आणि चिठ्ठी आत द्यायची. पहिल्या क्रमांकाचं पुस्तक बाहेर गेलेलं असे, दुसरं बाइंडिंगला, तिसरं कुणा सभासदाकडे महिनोन्महिने अडकलेलं. मग हातात पडे ते सातवं. शनिवार पेठेतली माझी आजी दुपारी एक चिठ्ठी पाठवायची आणि येईल ते वाचायची. तिच्या तोंडून 'माझा आवडता लेखक' असे शब्द मी कधी ऐकले नाहीत. तिला वा. म. जोशी, विभावरी शिरूरकर आणि गुप्तहेरकथा सगळं सारख्याच गांभीर्याने आठवायचं. आता खुल्या कपाटांमुळे, आणि त्याहून जास्त फोनमुळे, आपण हवं तेच मिळवतो. सोय मोठी आहे, तक्रार नाही. पण त्या सातव्या क्रमांकाने किती जणांचं वाचन घडवलं असेल, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

त्याही आधीच्या वाचकाला तर निवड हा प्रकारच फारसा माहीत नव्हता. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. आठवड्याला जेवढं येईल तेवढं. शेवटचं पान उलटून बघायची सोय नाही, आणि कादंबरी पुरी होईल याचीही खात्री नाही. आपट्यांची 'गणपतराव' अर्धीच राहिली.

तर चिठ्ठीचं हे असं. पण चिठ्ठी टाकण्याआधी कुणीतरी त्यावर नावं लिहितं, आणि पुण्याच्या इतिहासातली खरी भांडणं तिथे आहेत.

१८४८ साली पुण्यात 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' सुरू झाली. आज आपण तिला पुणे नगर वाचन मंदिर म्हणतो. त्याच वर्षी भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची मुलींची शाळा सुरू झाली. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकीकडे वाचणाऱ्यांसाठी पुस्तकं गोळा होत होती आणि दुसरीकडे अजून वाचता न येणाऱ्यांच्या हातात पाटी दिली जात होती. शाळेत जाण्यासाठी निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण-माती फेकणारे लोकही याच शहरातले होते.

पुढे १८७८ मध्ये न्या. रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात हिराबागेत मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. १८८५ मध्ये दुसरं. त्याचं निमंत्रण फुल्यांनाही गेलं. ते गेले नाहीत. त्यांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. शेतकरी, शूद्र-अतिशूद्रांच्या आयुष्याशी ज्या ग्रंथांना आणि सभांना देणंघेणं नाही, त्यांच्यात आमचा मेळ बसायचा नाही, असा त्याचा आशय. साहित्य संमेलनांच्या इतिहासात हे पत्र बहिष्कार म्हणून नोंदवलं जातं. मला ते यादीबद्दलचं पत्र वाटतं. तुमच्या वहीत आमचं नावच नसेल, तर तुम्ही कितीही निःपक्षपातीपणे चिठ्ठी उचला, निघणार कोण?

हे वाचल्यावर मी आमची वीस नावं पुन्हा पाहिली. निम्मी सदाशिव पेठेच्या हाकेच्या अंतरावर लिहिलेली किंवा छापलेली होती. बायकांची दोनच. चूक कुणी मुद्दाम केलेली नव्हती. आठवतील ती नावं लिहिली होती आणि आठवण अशीच चालते. मग तासभर वाद घालून यादी नव्याने केली. अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' आली. दीड दिवसाच्या शाळेवर लिहायला शिकलेल्या माणसाची ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. 'बळी' आली, उद्धव शेळक्यांची 'धग' आली, 'बनगरवाडी' आली. एकाने बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतलं तेव्हा आम्ही हसलो. १८५७ ची, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेत एका मार्काला येणारी. हे कोण वाचतं? तरीही तेरा नंबरला लिहिली.

पहिल्यांदा 'धग' निघाली. मला खरं तर 'ब्राह्मणकन्या' हवी होती. पहिली तीस पानं वऱ्हाडी बोलीशी झटापट करण्यात गेली. पुण्यातल्या माणसाला प्रमाण मराठी म्हणजे आपलीच मराठी वाटते, त्याला हे औषध चांगलं. नंतर कौतिकने पकड घेतली ती सोडली नाही. नवरा खचलेला, घरात पैसा नाही, आणि ही बाई पोरांना वर काढायचा हट्ट धरून बसलेली. निवड माझ्या हातात असती तर हे पुस्तक 'पुढे कधीतरी'मध्येच राहिलं असतं. वीसमधून एक, आणि निघालेल्याच्या जागी नवं, अशा दहा सोडती झाल्या तरी एखादं ठरावीक पुस्तक न निघण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे नशीब काही फार दयाळू नाही. पण 'पुढे कधीतरी'मध्ये ही शक्यता माझ्या अनुभवाने शंभर टक्के असते.

मग लागोपाठ दोन सोडतींत जे झालं ते आम्ही ठरवून कधीच केलं नसतं. आधी 'पण लक्षात कोण घेतो' निघाली आणि त्यानंतर तेरा नंबर.

दोन्ही कादंबऱ्यांची नायिका यमुना. दोघींनाही वाचता येतं, दोघींचे नवरे नव्या विचारांचे, आणि दोघींवर वैधव्य येतं. पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करताना ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते. पुढे ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. लेखक स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेला, विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, पुस्तक त्याच्या पुढच्या वर्षीचं. धर्मप्रचाराचा हेतू लपवलेला नाही. पात्रं कमी बोलतात आणि व्याख्यानं जास्त देतात, हेही खरं. आपट्यांची यमू आपली गोष्ट स्वतः सांगते, आणि कलेच्या बाजूने तुलनाच नको. सासरघरची कुजबुज, नवऱ्याने चोरून शिकवलेली अक्षरं, मुंबईतल्या मोकळ्या दिवसांचा आनंद. आणि नवरा गेल्यावर जबरदस्तीने झालेलं केशवपन.

तीन दशकांनंतरच्या, सुधारलेल्या पुण्यातल्या यमुनेला पुनर्विवाह मिळत नाही. ती मरते. आपट्यांना मार्ग माहीत नव्हता असं नाही. याच पुण्यात फुल्यांनी १८६३ मध्ये विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं आणि कायदा होऊन जमाना लोटला होता. पण यमूच्या घरात तो कायदा पोहोचला नव्हता, आणि आपट्यांनी खोटा दिलासा दिला नाही. आपट्यांची कादंबरी मोठी ठरली ती योग्यच. मला टोचलं ते वेगळं. पदमनजींच्या यमुनेला सुटका मिळते ती धर्म सोडून, म्हणून आपण त्या पुस्तकाला प्रचार म्हणतो आणि एका मार्काच्या प्रश्नात बंद करतो. तिने पाहिलेल्या विधवा मात्र आपट्यांच्या यमूच्याच मागच्या पिढीतल्या बायका आहेत.

आमच्यातल्या तिसऱ्या मित्राला हे पटलेलं नाही. त्याच्या मते 'यमुनापर्यटन' कंटाळवाणी आहे आणि कंटाळवाण्या पुस्तकाला इतिहासाचे गुण देऊ नयेत. वाद अजून चालू आहे. तेरा नंबरची जागा रिकामी झाली होती, तिथे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय 'मुक्तामाला', लक्ष्मणशास्त्री हळबे, १८६१. म्हणाला, व्हायचं ते होऊन जाऊ दे.