सहासष्ट नंबरचा रस्ता

मोटारसायकलवरून लांब जायचे म्हटले की माणसे आधी गाडी पाहतात, मग नकाशा आणि शेवटी खिसा. आम्ही तिघे रेल्वेतले मित्र गेले वर्षभर दर रविवारी संध्याकाळी बसून एका सहलीची तयारी करतो आहोत, आणि आमचा निम्मा वेळ मात्र इतिहास वाचण्यात गेला आहे. सहल आहे अमेरिकेतल्या ‘रूट ६६’ या रस्त्याची. शिकागोपासून लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत, आठ राज्यांतून, सुमारे ३,९४० किलोमीटर.

कॉलनीत ही बातमी फुटल्यापासून एकच प्रश्न सगळे विचारतात. “अहो, एवढा पैसा घालून अमेरिकेत जायचे आणि तिथला जुना, फुटका रस्ता बघायचा? तिकडे सहापदरी हायवे आहेत की!” आमच्या सौ.चाही प्रश्न हाच, फक्त आवाज जरा वरचा. या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्वांना एकदाच उत्तर देऊन टाकावे म्हणतो.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रूळ, खडी, पूल यांतच वीसेक वर्षे गेली. पण रस्ता काय आणि रेल्वे काय, आखणी कोणी केली, का केली आणि पुढे ती का बदलली, हे कळले की त्या मुलखाची अर्धी कथा कळते.

नंबर कसा मिळाला

आमची पहिली अडचण म्हणजे हा रस्ता आजच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्गांच्या यादीत नाहीच. २७ जून १९८५ रोजी त्याचा नंबर अधिकृतपणे काढून टाकण्यात आला. आपल्या जबलपूरकरांना हे समजायला अवघड नाही. वाराणसी ते कन्याकुमारी हा आपल्या गावातून जाणारा ‘सात नंबर’ २०१० च्या फेरक्रमांकनात तुकड्या-तुकड्यांनी ३०, ३४ आणि ४४ झाला. सातचा आकडा उत्तरेत दुसऱ्याच रस्त्याला गेला. तरी जुनी माणसे अजून सात नंबरच म्हणतात.

सहासष्टचा जन्मही आकड्याच्या भांडणातून झाला. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावचे सायरस एव्हरी हे व्यापारी गृहस्थ राज्याच्या रस्त्यांचे काम पाहत. देशभरच्या महामार्गांची आखणी करणाऱ्या समितीत ते होते. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारा रस्ता आपल्या गावावरून जावा म्हणून त्यांनी तो दक्षिणेकडे वळवून घेतला आणि त्याला ६० हा नंबर ठरवला. त्या पद्धतीत पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम आकडे होते आणि शेवटी शून्य असलेला आकडा मानाचा. तो आपल्याला हवा म्हणून केंटकी राज्याने आकाशपाताळ एक केले. शेवटी ३० एप्रिल १९२६ रोजी मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डहून तार गेली की ६६ हा आकडा मोकळा आहे, तो आम्हाला चालेल. ११ नोव्हेंबर १९२६ ला त्यावर शिक्कामोर्तब झाले. म्हणजे २०२६ हे या रस्त्याचे शताब्दीचे वर्ष.

नंबर मिळाला तरी रस्ता तयार नव्हता. सुरुवातीला जेमतेम एक तृतीयांश लांबी पक्की होती, बाकी माती आणि मुरूम. ओक्लाहोमात मायामी आणि ॲफ्टन या गावांच्या दरम्यान त्याआधीच बांधलेला एक तुकडा फक्त नऊ फूट रुंद होता. तो अजून शिल्लक आहे. समोरून गाडी आली की एक चाक मातीत उतरवायचे. संपूर्ण रस्ता पक्का व्हायला १९३८ साल उजाडले.

रुळांच्या सोबतीने

आम्हा रेल्वेवाल्यांना या रस्त्याची ओढ लागली ती वेगळ्याच कारणाने. त्याचा पश्चिमेकडचा मोठा भाग सांता फे रेल्वेच्या मार्गालगत जातो. १८५३-५४ मध्ये लेफ्टनंट व्हिपल यांनी ३५ व्या अक्षांशाजवळून रेल्वेसाठी पाहणी केली. १८५७ मध्ये एडवर्ड बील यांनी त्याच मुलखातून बैलगाड्यांची वाट आखली आणि त्या कामासाठी चक्क उंट नेले. मग रूळ आले आणि १८८३ मध्ये ते कोलोरॅडो नदीपर्यंत पोहोचले. मोटारींचा रस्ता आला त्यानंतर चाळीस वर्षांनी. आधी पायवाट, मग बैलगाडी, मग रूळ, मग डांबर. पाणी आणि सोपा चढ जिथे सापडतो तिथूनच सगळे जातात.

कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात रेल्वेच्या लोकांनी स्टेशनांना बाराखडीप्रमाणे ओळीने नावे दिली : अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. ए, बी, सी, डी असा सरळ हिशेब. वाफेच्या इंजिनांच्या काळात अशा ओसाड मुलखातही थोड्या-थोड्या अंतरावर थांबणे भाग होते. डिझेल आल्यावर तशा थांब्यांचे काय होते, हे आपल्यापैकी जुन्या लोकांना सांगायला नको.

ॲरिझोनातल्या विन्स्लो स्टेशनला लागून ‘ला पोसादा’ नावाचे हॉटेल आहे. रेल्वेच्या प्रवाशांसाठी खानावळी आणि हॉटेले चालवणाऱ्या फ्रेड हार्वी यांच्या कंपनीने ते १९३० मध्ये उघडले. वास्तुरचना मेरी कोल्टर या बाईंची. १९५७ मध्ये ते बंद पडले, रेल्वेने तिथे कचेऱ्या थाटल्या, आणि १९९७ मध्ये पुन्हा हॉटेल म्हणून सुरू झाले. आमचा एक मुक्काम तिथे ठरला आहे. पैसे जास्त पडतील, पण खिडकीतून मालगाड्या दिसतील, यावर तिघांचे एकमत झाले.

पश्चिमेकडे निघालेली माणसे

दुसरा प्रश्न दिशेचा होता. दोन्हीकडून जाता येते. आम्ही पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे ठरवले, त्यामागे या रस्त्यावरचे सर्वांत मोठे दुःख आहे.

१९३० च्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्सस या भागांत दुष्काळ पडला. गवताळ माळ नांगरून टाकलेले, पाऊस नाही, त्यामुळे वरची सुपीक माती धुळीच्या वादळांत उडून गेली. त्यात जागतिक मंदी. कर्जात गेलेली कुटुंबे खाटा-गाद्या मोटारीच्या टपावर बांधून कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत कामाला निघाली. अशी दोन लाखांहून अधिक माणसे तिकडे गेल्याचा अंदाज आहे आणि त्यांतल्या फार जणांची वाट हीच होती. जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ च्या कादंबरीत या रस्त्याला ‘आई’ म्हटले, ते नाव आजवर टिकले.

पण कॅलिफोर्नियाने या लेकरांना घरात घेतले नाही. ‘ओकी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीस प्रमुखांनी शंभरावर पोलीस थेट राज्याच्या सीमेवर पाठवले. खिशात पैसे नसलेल्यांना तिथूनच परत फिरवत. आपल्याच देशात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना!

बाहेरच्या गरिबाला राज्यात आणणे हा तर तिथे कायद्याने गुन्हाच होता. फ्रेड एडवर्ड्स नावाचा माणूस टेक्सासला जाऊन आपल्या बेकार मेहुण्याला मोटारीतून कॅलिफोर्नियात घेऊन आला म्हणून त्याला शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला.

मंडळी, हे वाचले त्या रात्री मला आपल्या सर्वांची आठवण झाली. आपल्यातील कोणाचे आजोबा नोकरीसाठी, कोणाचे पणजोबा त्याही आधी महाराष्ट्र सोडून इकडे आले. देशात कुठेही जाण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमात लिहिलेला आहे, म्हणून तो आपल्याला हवेसारखा वाटतो. तो हक्क दुसऱ्या एका लोकशाही देशात एका मेहुण्यासाठी भांडून मिळवावा लागला. या रस्त्यावरून जाताना ते आठवावे, म्हणून आमची दिशा पश्चिम.

मुक्काम कोणाला मिळे

मुक्कामांची यादी करताना इतिहासाचे आणखी एक पान उघडले. १९४६ मध्ये बॉबी ट्रूप यांनी या रस्त्यावर गाणे रचले आणि नॅट किंग कोल यांच्या आवाजात ते जगभर गेले. पण कोल स्वतः कृष्णवर्णीय. ज्या रस्त्याची मजा त्यांनी गाऊन सांगितली, त्यावरच्या कितीतरी हॉटेलांत त्यांच्या समाजाला खोली मिळत नसे. सूर्य मावळल्यावर कृष्णवर्णीयांनी हद्दीत दिसू नये, असा दंडक असलेली गावेही वाटेवर होती. न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ काढले. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे जेवण, कुठे खोली, कुठे पेट्रोल मिळेल, त्याची ती यादी. ओक्लाहोमात लूथर गावाजवळ थ्रेट या कृष्णवर्णीय कुटुंबाचा पेट्रोल पंप होता. त्याची दगडी इमारत अजून उभी आहे. तिथे थांबायचे आम्ही नक्की केले आहे.

पुढे चित्र पालटले, त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. या रस्त्यावरची आणि एकूण अमेरिकेतली कितीतरी मोटेले आज गुजराती कुटुंबे चालवतात. त्यांनाही सुखासुखी जागा मिळाली नाही. विमा मिळेना, कर्ज मिळेना. शेजारची मोटेले ‘अमेरिकन मालकीचे’ अशी पाटी लावत. त्यातून १९८९ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. घरचीच माणसे काउंटरवर, घरचीच चादरी धुणारी, अशी चिकाटी धरून त्यांनी जुनी मोटेले जिवंत ठेवली.

बायपास

१९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इंटरस्टेट महामार्गांच्या कायद्यावर सही केली. एकामागून एक पाच नवे महामार्ग जुन्या सहासष्टच्या शेजारून गेले. वेग वाढला, अपघातांचा धोका कमी झाला. इंजिनियर म्हणून मी त्या कामाला नावे ठेवणार नाही. अरुंद पूल, आंधळी वळणे आणि गावातून जाणारी जड वाहने किती जीव घेतात, ते आपणही पाहतो.

पण प्रत्येक बायपासमागे एक गाव असते. ॲरिझोनातल्या सेलिग्मनला तो दिवस २२ सप्टेंबर १९७८ चा. नवा रस्ता उघडला आणि गावातली वाहने एकाएकी नाहीशी झाली. शेवटचे गाव विल्यम्स, १३ ऑक्टोबर १९८४. कॅन्ससमध्ये तर सहासष्टचे फक्त २१ किलोमीटर होते, नव्या महामार्गाने ते राज्यच वगळले.

सेलिग्मनचे न्हावी एंजल डेल्गाडिओ मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी आसपासच्या गावकऱ्यांना जमवून १९८७ मध्ये संस्था काढली आणि राज्य सरकारमागे लकडा लावला. त्याच वर्षी तिथला रस्ता ‘ऐतिहासिक’ म्हणून जाहीर झाला. त्यामुळे ॲरिझोनात आज सुमारे २५० किलोमीटरचा सलग जुना रस्ता चालवायला मिळतो. इतर राज्यांनीही तोच धडा गिरवला. नंबर सरकारने काढला होता, तो गावांनी पाट्यांवर परत रंगवून घेतला.

आमचा आराखडा

आता थोडक्यात तयारी. रोज सरासरी २८० किलोमीटर धरून १४ दिवस चालवायचे, दोन दिवस हाताशी ठेवायचे. उन्हाळ्यात मोहावे भाजून काढते, हिवाळ्यात सात हजार फुटांवरच्या फ्लॅगस्टाफला बर्फ पडते, वसंतात ओक्लाहोमात चक्रीवादळे येतात. म्हणून सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. अर्थात विसर्जन झाल्यावरच, चिटणीसांनी काळजी करू नये. गाड्या भाड्याने घ्यायच्या, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवायचा. हेल्मेटची सक्ती कॅलिफोर्नियात सर्वांना आहे, इलिनॉयमध्ये नाही. आम्ही आठही राज्यांत घालणार. वाळवंटात टाकी अर्धी झाली की पंप शोधायचा.

कोणत्या सालची आखणी धरायची, यावर बरीच चर्चा झाली. न्यू मेक्सिकोत १९३७ पूर्वीचा रस्ता सांता फे गावावरून वळसा घेई. आम्ही वळसा घेणार. सेंट लुईसजवळ मिसिसिपीवरचा १९२९ चा ‘चेन ऑफ रॉक्स’ पूल मध्येच वाकलेला आहे. आता तो फक्त पायी आणि सायकलने ओलांडता येतो, म्हणून तिथे गाड्या लावून चालणार. कॅन्ससचे २१ किलोमीटर पूर्ण करणार. ॲरिझोनात ओटमन गावाकडचा घाट आहे. तिथे पूर्वी काही मोटारी उलट्या गिअरमध्ये चढवत म्हणतात, कारण टाकीतले पेट्रोल इंजिनात नुसत्या उताराने येई. मोहावेत शंभराहून अधिक जुने लाकडी पूल आहेत. पुरांनी खराब झाल्यामुळे त्यातले काही तुकडे वर्षानुवर्षे बंद राहिले आहेत. निघण्याआधी चौकशी करायची, बंद असतील तिथे मुकाट्याने नव्या रस्त्याने जायचे. पूल बंद ठेवणाऱ्या इंजिनियरशी वाद घालायचा नाही, हा आमच्या खात्याचा नियम तिकडेही लागू.

मुक्काम शक्यतो जुन्या, घरगुती मोटेलांत आणि जेवण गावातल्या खानावळीत. रस्ता जपला तो तिथल्या दुकानदारांनी. त्यांच्या दारावरून नुसते फोटो काढत पुढे जाणे बरे नाही.

तर “फुटका रस्ता का?” याचे माझे उत्तर असे आहे. सहापदरी हायवे आपल्याला एका शहरातून दुसऱ्या शहरात नेऊन सोडतो. हा रस्ता मधली गावे दाखवतो. कोण कुठून निघाले, कोणाला वेशीवर अडवले, कोणाला खोली नाकारली आणि तरीही कोण टिकून राहिले, ते दाखवतो. परमुलखात येऊन घर बांधणाऱ्या आपल्यासारख्यांना तो परका वाटू नये. तिघांच्या रजेचे अर्ज तयार आहेत. साहेबांनी मंजूर केले की पुढचा लेख प्रवासवर्णनाचा.