ताण व समानुभूती

ताण व समानुभूती : दुसऱ्याची वेदना आपल्याला जाणवणे म्हणजे समानुभूती. दया किंवा कीव यांहून ती वेगळी. ताणाखाली माणूस आपल्यापुरते पाहतो, हा समज जुना. प्रयोग त्याला अर्धाच दुजोरा देतात.

सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातला. जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन यांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. ४० विद्यार्थ्यांना एकेक करून शेजारच्या इमारतीत छोटे भाषण द्यायला पाठवले. बोळात, दाराशी, एक माणूस खोकत-कण्हत पडलेला. तो अर्थातच ठरवून बसवलेला. ज्यांच्यापाशी वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्क्यांनी विचारपूस केली. ‘उशीर झालाय, पळा’ असे सांगितलेल्यांपैकी १० टक्क्यांनीच. निम्म्या विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषय होता बायबलमधील चांगल्या शोमरोन्याची कथा, म्हणजे वाटेवरच्या जखमी परक्याला उचलणाऱ्याची. त्याने लक्षणीय फरक पडला नाही. तीच कथा सांगायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून गेले. मात्र न थांबलेले अनेक जण पोहोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. त्यांना निगरगट्ट म्हणणे अन्यायाचे होईल.

घाई हा ताणाचा एक प्रकार. चारचौघांत परीक्षा होणे हा दुसरा. त्यासाठी जर्मनीतील ट्रिअर येथे १९९३ मध्ये बेतलेली चाचणी आज सर्वत्र वापरतात. परीक्षकांपुढे भाषण द्यायचे, मग १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचे. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. याने कॉर्टिसॉल हे संप्रेरक दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढते. बेर्नाडेट फॉन डावान्स व सहकाऱ्यांनी या चाचणीच्या गटरूपातून गेलेल्यांना पैशांचे खेळ दिले (२०१२), तेव्हा ते इतरांवर अधिक विश्वास टाकू लागले, वाटून घेऊ लागले. हे सगळे पुरुष होते, हे विशेष. कारण ताणात माणसे जवळ करण्याची वृत्ती शेली टेलर यांनी २००० मध्ये मांडली ती मुख्यतः स्त्रियांच्या संदर्भात.

परक्याविषयी मात्र अडचण उरते. मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने (२०१५) विद्यार्थ्यांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावला. समोर मित्रही तेच सोसत असला की वेदना जास्त जाणवे, अनोळखी असला तर नाही. ताणाची संप्रेरके रोखणारे मेटायरापोन हे औषध दिल्यावर अनोळखी माणसाची वेदनाही लागू लागली. उंदरांतही तेच आढळले. औषधाशिवायही हे साधले : दोन अनोळखी विद्यार्थ्यांनी जोडीने पंधरा मिनिटे संगीताचा व्हिडिओ गेम खेळणे पुरेसे ठरले.